थंडाव्याचा हिशेब

देऊळघाटच्या आमच्या घरात कूलर आला तो आजीसाठी. बुलढाण्याला विदर्भातले थंड हवेचे ठिकाण म्हणण्याची जुनी प्रथा आहे, आणि खामगावकडून घाट चढून वर येणाऱ्या माणसाला ते पटतेही. पण मे महिन्यातली दुपार घाटावरच्यांनाही काही वेगळी वागणूक देत नाही. आजीचे वय झाले होते, उकाडा सोसेना, म्हणून आबांनी बुलढाण्याहून पत्र्याचा एक कूलर आणला. त्याला तिन्ही बाजूंनी ताट्या होत्या, खाली टाकी होती आणि आवाज असा होता की आजीची गाऱ्हाणी त्यात बुडून जात. कूलर आबांनी आणला, पण त्याचे कायदे आईने केले. दुपारी बाराच्या आत तो लावायचा नाही, चारनंतर ठेवायचा नाही. सगळ्यांनी एकाच खोलीत निजायचे. मधले दार लावायचे, समोरची खिडकी चार बोटे उघडी ठेवायची. आणि टाकीत तीन हंडे पाणी, चौथा मागायचा नाही.

चौथा हंडा मागण्याची सोयच नव्हती. पैनगंगा उगम पावते ती आमच्या गावापलीकडच्या डोंगरात. पुढे ती विदर्भ आणि मराठवाड्याच्या सीमेवरून शेकडो किलोमीटर वाहते, वर्धेला मिळते, गोदावरीच्या संसारात सामील होते. पण उगमापाशी राहणाऱ्याच्या वाट्याला नदीचे नाव येते, उन्हाळ्यात पाणी येतेच असे नाही. तीन हंडे कूलरला देणे म्हणजे ते इतर कशातून तरी काढणे होते, आणि कशातून काढायचे हे आई रोज सकाळी ठरवीत असे. आम्हांला तेव्हा वाटे की हा कंजूषपणा आहे. पुढे पोटापाण्यासाठी आम्ही ज्या धंद्यात शिरलो तिथे हेच कायदे मोठ्या पगाराचे लोक इंग्रजीतून सांगू लागले, तेव्हा आईची थोरवी कळली.

आमचा धंदा म्हणजे यंत्रांना थंड ठेवणे. सारे जग ज्याला डेटा सेंटर म्हणते आणि मराठी आंतरजालावरची मंडळी हौसेने विदागार म्हणतात, अशा एका इमारतीत आम्ही काही वर्षे चाकरी केली. इमारत नवी मुंबईतली, मालकाचे नाव सांगण्याचे कारण नाही. मुंबईच्या किनाऱ्याला समुद्राखालच्या तारा येऊन लागतात, त्यामुळे देशातल्या अशा इमारतींचा सर्वांत मोठा जमाव मुंबई आणि नवी मुंबईतच आहे. आमची त्यातली एक लहानशी. आत रांगेने कपाटे, कपाटांत सर्व्हर, आणि सर्व्हरांना पोहोचणारी जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ती उष्णता इमारतीबाहेर नेऊन टाकणे एवढेच आमचे काम. बाहेर अंगाला कपडे चिकटत असताना आम्ही आत स्वेटर घालून हिंडत असू, कारण यंत्रांच्या खोलीत वर्षाचे बारा महिने १८ अंश तापमान असे.

२०१६ चा उन्हाळा पुष्कळांच्या लक्षात असेल. त्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. ठाणे जिल्ह्यातही पाणीकपात होती, आणि आमच्या इमारतीच्या गच्चीवरचे कूलिंग टॉवर टँकरच्या पाण्यावर चालत होते. टँकर आला की चालक चिठ्ठी घेऊन येई आणि आम्ही सही करीत असू. दिवसाला चार, कधी पाच. सही करताना मनात काही येत नसे. चिठ्ठीवरचा आकडा बरोबर आहे ना, एवढेच पाहायचे.

मे महिन्यात चार दिवस घरी गेलो. आजी तोवर गेली होती, कूलर होता. आळीत आठवड्याला एक टँकर येत होता आणि त्याची वाट पाहत बायाबापड्या हंडे मांडून बसत होत्या. रात्री अंगणात खाटेवर पडल्यापडल्या आबांनी सहज विचारले,

“तुह्या त्या मशिनी दिवसाले किती पानी पेतात रे?”

आम्ही खरे सांगितले. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. आम्हांला वाटले आता ते आळीच्या टँकरची गोष्ट काढतील. त्यांनी ती काढली नाही. त्यांनी विचारले,

“पन त्याहिले एवढं थंडं कायले लागते?”

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला देता आले नाही. इतकी वर्षे १८ अंश सांभाळले, पण १८ च का, हे कधी कोणाला विचारले नव्हते.

आबांच्या पहिल्या प्रश्नाचा हिशेब सोपा आहे, तो आधी मांडतो. माठात पाणी गार होते ते माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते म्हणून; उडताना ते उष्णता घेऊन जाते. कूलरच्या ताट्यांचे तत्त्व हेच आणि गच्चीवरच्या टॉवरचेही हेच. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता नेते, आणि विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे एक युनिटाएवढी उष्णता पाण्यावाटे उडवायची तर दीड लिटर पाणी गेले. आमच्या इमारतीतून सुमारे एक मेगावॉट उष्णता बाहेर टाकावी लागे. दिवसाचे २४,००० युनिट झाले, त्याचे ३६,००० लिटर पाणी. शिवाय पाणी उडते पण त्यातले क्षार मागे राहतात. कूलरच्या ताट्यांवर पांढरा थर चढतो तो याचाच. टॉवरमध्ये असा थर चढू नये म्हणून खारट झालेले पाणी अधूनमधून सोडून द्यावे लागते, आणि ते आणखी आठ-दहा हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर दिवसाला साडेचार. आमच्या सह्या हिशेबाला धरूनच होत्या.

मग पाणी वापरूच नये, असे कोणी म्हणेल. तशीही सोय आहे. मोटारीच्या रेडिएटरसारखी कोरडी यंत्रे गच्चीवर मांडायची आणि पंख्यांनी उष्णता हवेत सोडायची. पाणी वाचते, पण बाहेरची हवाच तापलेली असल्याने पंखे आणि कॉम्प्रेसर यांना जास्त कष्ट पडतात, वीज जास्त लागते. आणि वीज कुठून येते? आमची पैनगंगा जिथे वर्धेला मिळते तो मुलूख कोळशाच्या खाणींचा, जवळच चंद्रपूरचे औष्णिक वीजकेंद्र. कोळशावरची वीज हीसुद्धा पाणी पिते. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने जुन्या औष्णिक केंद्रांना जी मर्यादा घालून दिली ती दर मेगावॉट-तासाला साडेतीन घनमीटर, म्हणजे युनिटमागे साडेतीन लिटर. समजा, एक युनिट उष्णता कोरड्या मार्गाने टाकायला पाव युनिट वीज जादा लागली, तर नवी मुंबईत वाचलेल्या दीड लिटरातले पाऊण लिटरहून अधिक पाणी कुठल्यातरी वीजकेंद्रात खर्च झाले. परळीचे वीजकेंद्र २०१३ च्या फेब्रुवारीत पाण्यावाचून बंद पडले होते, हे मराठवाड्यातला माणूस विसरलेला नाही. सूर्याच्या विजेला पाणी नगण्य लागते, म्हणून कोरडी यंत्रे आणि सौर वीज अशी जोडी जमली तर हा पेच पुष्कळ सुटतो. पण विदागार रात्रीही चालते, आणि रात्रीची वीज अजून बव्हंशी कोळशाचीच आहे.

याहून मोठी गंमत हवामानाची आहे. कूलर विदर्भात चालतो, मुंबईत चालत नाही. आमच्याकडे मेमध्ये हवा इतकी कोरडी की ४२ अंशांची हवा ओल्या ताटीतून गेली की २५ च्या आसपास उतरते. मुंबईत ३३ अंशांची हवा आधीच पाण्याने भरलेली. ती फारतर २८-२९ वर येऊन थांबते आणि वर खोलीभर दमटपणा. म्हणजे कमी विजेत, कॉम्प्रेसरवाचून, नुसत्या पाण्याने यंत्रे गार ठेवायची तर त्याला उत्तम जागा म्हणजे जिथे हवा कोरडी आहे. आणि जिथे हवा कोरडी तिथेच पाणी नाही. जिथली हवा तहानलेली तिथला माणूसही तहानलेला. विजेचा हिशेब या इमारतींना कोरड्या मुलखाकडे ढकलतो, तेव्हा हे दुसरे वाक्य कोणी उच्चारत नाही.

या धंद्यात कार्यक्षमता मोजण्याचे एक माप आहे. इमारतीला लागलेली एकूण वीज भागिले प्रत्यक्ष सर्व्हरांना लागलेली वीज. उत्तर एक आले तर थंडाव्यावर काहीच खर्च नाही. दोन आले तर जेवढी वीज कामाला तेवढीच थंडाव्याला आणि इतर गोष्टींना. हे माप २००७ च्या सुमारास रूढ झाले आणि त्याने चांगले काम केले. लोकांना लाज वाटू लागली. पण त्यात पाणी नाही. भरपूर पाणी उडवा, वीज कमी लागेल आणि माप सुंदर दिसेल. युनिटमागे किती लिटर पाणी लागले हे दुसरे माप २०११ साली आले. पहिले माप कंपन्या अभिमानाने सांगतात, दुसरे विचारल्यावाचून सहसा सांगत नाहीत. एकाच घराचा जमाखर्च दोन वह्यांत लिहून पाहुण्याला एकच वही दाखवावी, तसे हे आहे.

आता आबांचा दुसरा प्रश्न. कामावर परतल्यावर आम्ही वरिष्ठांना विचारले, १८ का? ते म्हणाले, पहिल्यापासून आहे. आम्ही यंत्रांबरोबर आलेली पुस्तके काढली. त्यांत आत येणाऱ्या हवेचे तापमान ३५ अंशांपर्यंत चालेल असे छापलेले होते. अ‍ॅश्रे या अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने २००४ साली २० ते २५ अंशांची शिफारस केली होती आणि २००८ साली ती वाढवून १८ ते २७ केली होती. म्हणजे आम्ही शिफारशीच्या अगदी तळाशी बसून थंडी खात होतो, आणि तिचे पाणी टँकरने येत होते.

मग तापमान वाढवू या, असे ठरले. पण वाढवता येईना. खोली १८ अंश असूनही काही कपाटांच्या तोंडाशी हवा २६ अंशांची होती. कारण कपाटांत मध्येमध्ये रिकामे खण होते, आणि मागची तापलेली हवा त्या भोकांतून पुढे येऊन पुन्हा यंत्रांतच शिरत होती. एका कपाटाच्या या दुखण्यासाठी अख्खी खोली गोठवली जात होती. मधले दार लावा, समोरची खिडकी चार बोटे उघडी ठेवा. हवेला जायला एकच वाट असली पाहिजे, ही आईची अट इथे कोणी पाळली नव्हती. रिकाम्या खणांना लावायच्या पट्ट्या मागवल्या. त्या येईपर्यंत आम्ही पुठ्ठा आणि चिकटपट्टी वापरली. पंख्यांचा वेग कमी केला. पंख्याचा वेग ऐंशी टक्क्यांवर आणला की त्याला लागणारी वीज जवळजवळ निम्मी होते, हे निसर्गाचे औदार्य आम्हांला तोवर ठाऊक नव्हते. मग दर पंधरवड्याला एक अंश, असे करीत १८ चे २४ केले.

हे वाचायला वाटते तितके सुखाने झाले नाही. जुलैतल्या एका रात्री आमचा एक पुठ्ठा सुटून नेमका जमिनीतल्या हवेच्या जाळीवर पडला, एक कपाट तापले आणि घंटा वाजली. सकाळी आमची जी हजेरी घेतली गेली तिचे वर्णन नको. नोकरी राहील की नाही अशी स्थिती होती. यंत्र तापून बंद पडले तर दोष देता येतो. पाणी आणि वीज वाया गेली तर तो खर्चाच्या खात्यात जातो, दोष कोणाचाच नसतो. १८ अंशांचे खरे कारण आम्हांला त्या सकाळी कळले. ते यंत्रांसाठी नव्हते, माणसांना निर्धास्त झोप यावी म्हणून होते.

असो. पट्ट्या आल्या, पुठ्ठे गेले, २४ अंश टिकले. कॉम्प्रेसर आणि पंखे यांची वीज घटली, त्यांची स्वतःची उष्णता घटली, आणि दिवसाच्या चिठ्ठ्या पाचाच्या चारावर आल्या. सर्व्हरांची उष्णता मात्र होती तेवढीच राहिली. ती पुठ्ठ्याने कमी होत नाही. घरी फोन करून आबांना सांगितले. त्यांना बरे वाटले. वर्ष गेले नाही तोच वाचलेल्या विजेत आणि थंडाव्यात नवी कपाटे बसवता येतील असे कोणाच्या तरी लक्षात आले. कपाटे आली. चिठ्ठ्या पुन्हा पाच झाल्या. कंपनीच्या दृष्टीने हा नफाच होता आणि तो आमच्या नावावर मांडला गेला. आम्ही वाचवलेला टँकर देऊळघाटला गेला नाही, बाजूच्या झोपडपट्टीतही गेला नाही. तो त्याच इमारतीत मुरला. हे आबांना सांगायचे आम्ही टाळले.

तेव्हापासून हा विषय पुढे पुष्कळ सरकला आहे. हवेऐवजी द्रवाने, थेट चिपेला भिडणाऱ्या नळ्यांतून उष्णता उचलण्याची पद्धत आता मोठ्या प्रमाणावर येत आहे. तेवढ्याच आकारमानाची हवा जितकी उष्णता वाहून नेते त्याच्या साडेतीन हजार पट पाणी नेते. हे पाणी बंद नळीत फिरत राहते, उडत नाही. शिवाय ते गार असण्याचीही गरज नाही; चाळीस अंशांचे पाणीसुद्धा चिपेच्या मानाने थंडच, आणि चाळीस अंशांचे पाणी मुंबईच्या हवेतही कॉम्प्रेसरवाचून निवते. झुरिकमध्ये २०१० साली ६० अंशांच्या पाण्याने संगणक थंड ठेवून त्याच पाण्याने इमारत गरम केली गेली. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली बसवलेला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक अशाच थेट द्रवशीतनावर चालतो. मायक्रोसॉफ्टने २०२४ साली वाफ न करणारी बंद रचना जाहीर केली आणि तिच्यामुळे एका केंद्रामागे वर्षाला साडेबारा कोटी लिटरांहून अधिक पाणी वाचेल असे सांगितले. वीज किंचित जास्त लागेल, हेही त्यांनी सोबतच सांगितले. दोन्ही वह्या उघडल्याबद्दल आभार मानावेत. आमच्या टँकरच्या मापाने ते रोजचे चौतीस टँकर होतात. उरुग्वेत २०२३ च्या दुष्काळात राजधानीतल्या नळांना खारट पाणी आले तेव्हा तिथे होऊ घातलेल्या गूगलच्या केंद्राविरुद्ध लोक उभे राहिले, आणि पुढे कंपनीने पाण्याऐवजी हवेने थंड होणारी योजना मांडली. विचारल्यावर मार्ग निघतो, एवढे त्यातून दिसते.

आणि जिथे वाफ करण्यावाचून गत्यंतर नाही तिथे पिण्याचे पाणीच का उडवावे? नागपूर शहराचे सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीजकेंद्राला दिले जाते. नवी मुंबई महापालिकेने ऐरोली आणि कोपरखैरणे येथे सांडपाणी उद्योगांना वापरता येईल इतके शुद्ध करणारी केंद्रे उभारली आहेत. टाकाऊ वस्तू एकाची, गरज दुसऱ्याची, आणि दोघांची गाठ घालून द्यायची. या विद्येत आमचा जिल्हा मागे नाही. महामार्गाला माती-मुरूम हवा होता आणि तलाव गाळाने भरले होते; तेव्हा मुरूम तलावांतून आणि नाल्यांतून काढायचा, रस्ताही व्हावा आणि पाणीही साठावे, अशी जी युक्ती गेल्या काही वर्षांत देशभर गाजली तिला ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणतात.

तरीही आमच्या मनातून पाचवी चिठ्ठी जात नाही. तंत्र सुधारले की दर युनिटामागचे पाणी घटते, आणि युनिट वाढत जातात. आईच्या हिशेबात ही पळवाट नव्हती, कारण तिने काटकसरीने सुरुवात केली नव्हती. तिने आधी हंडे मोजले होते. तीन म्हणजे तीन. आता त्यात किती खोल्या, किती तास, किती माणसे बसवायची ते तुम्ही पाहा. कूलर कितीही चांगला असता तरी हंडे तीनच राहिले असते. एखाद्या तालुक्यात अशी इमारत उभी राहते तेव्हा तिथल्या पाण्यातून किती हंडे तिचे, हे आधी ठरावे. वीज आणि पाणी या दोन्ही वह्या गावाला वाचता याव्यात. आणि सुधारणेतून वाचलेले पाणी कोणाचे, हेही लिहून ठेवावे. एवढे झाले तर बाकीचे अभियंते पाहून घेतील. ती मंडळी हुशार आहेत, फक्त त्यांना कोणी हंडे मोजून दिलेले नाहीत.

ती नोकरी आम्ही पुढे सोडली. चिठ्ठ्यांच्या कार्बन प्रतींचे एक पुस्तक सामानात चुकून घरी आले, ते देऊळघाटला फडताळात आहे. मागच्या उन्हाळ्यात आबांच्या हाती लागले. चष्मा लावून त्यांनी पाने उलटली, प्रत्येक पानावर आमची सही. “सही मातर झाक करतं तू,” एवढेच म्हणाले आणि पुस्तक होते तिथे ठेवून दिले. मग बारा वाजले होते म्हणून त्यांनी कूलरमध्ये तिसरा हंडा ओतला, मधले दार लावले आणि आम्हांला आत येऊन पडायला सांगितले.